लॅपटॉप घेऊन पहिल्यांदा परदेशी जाताना

घरून काम करायची सवय झाली, की कधीतरी एक विचार डोक्यात येतोच. काम लॅपटॉपवरच आहे, तर ते पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या खोलीतूनच कशाला? महिनाभर बँकॉकहून करू. दिवसा काम, सुट्टीच्या दिवशी भटकंती. विचार चांगलाच आहे. पण बहुतेकांची तयारी तिकीट आणि हॉटेलपासून सुरू होते. आमचं म्हणणं असं, की ती तीन प्रश्नांपासून सुरू व्हावी. त्या देशाची परवानगी आहे का? कंपनीची आहे का? आणि तिथे गेल्यावर काम खरोखर चालेल का? आज थायलंडचं उदाहरण धरून हे तीन प्रश्न बघू.

पहिला प्रश्न देशाचा. विमानतळावरचा अधिकारी विचारतो, कशासाठी आलात? पर्यटक म्हणून मिळालेला प्रवेश फिरण्यासाठी असतो. आता बघा, फिरायला गेलेल्या माणसाने दोन मेल बघितल्या म्हणून कोणी त्याला पकडत नाही. पण महिनाभर रोज आठ तास काम करायचं आणि काउंटरवर ‘फक्त फिरायला’ सांगायचं, ही वेगळी गोष्ट झाली. पगार भारतात मिळतो, मग तिथल्या सरकारचा काय संबंध, असं बरेचजण विचारतात. पण माणूस ज्या जमिनीवर बसून काम करतो, तिथला कायदा त्याला लागू होतो. प्रवेश नाकारला गेला तर तिकिटाचे पैसे जातातच, शिवाय पुढच्या व्हिसाच्या अर्जात ‘कधी प्रवेश नाकारला होता का’ हा रकाना खरा भरावा लागतो.

याच अडचणीसाठी अनेक देशांनी वेगळे व्हिसा काढले. थायलंडने जुलै २०२४ मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ सुरू केला. तो पाच वर्षं चालतो, एका वेळी १८० दिवसांपर्यंत राहता येतं, आणि त्यासाठी पाच लाख बाट शिल्लक असल्याचा पुरावा व नोकरीची कागदपत्रं लागतात. दुबईच्या अशाच परवान्यासाठी महिन्याला किमान ३,५०० डॉलर उत्पन्न मागतात. म्हणजे हे सगळ्यांच्या खिशाला परवडणारं नाही, आणि ते आधीच कळलेलं बरं. ज्यांना हे जमत नाही, त्यांच्यासाठी सरळ मार्ग एकच: रजा टाका, लॅपटॉप घरी ठेवा आणि मनसोक्त फिरा. भारतीयांसाठीचे नियम आणि रकमा बदलत राहतात, त्यामुळे शेवटचा शब्द दूतावासाच्या संकेतस्थळाचा, ओळखीच्या एजंटचा नाही.

दुसरा प्रश्न कंपनीचा. ‘कुठूनही काम करा’ याचा कंपनीच्या लेखी अर्थ बऱ्याचदा ‘भारतात कुठूनही’ एवढाच असतो. ग्राहकाशी झालेल्या करारात त्याची माहिती देशाबाहेरून उघडायची नाही, अशी अट असू शकते. परदेशातून लॉगिन झालं की सुरक्षा यंत्रणा खातं बंद करते, आणि मग सगळं बाहेर येतं. व्हीपीएन लावून ठिकाण लपवण्याचे सल्ले मिळतात. ते ऐकू नका. नोकरी त्यातच जाते. मॅनेजरच्या तोंडी ‘हो’वर थांबू नका. देश, तारखा आणि लॅपटॉप बरोबर नेणार हे लिहून एचआरकडून मेलवर उत्तर घ्या. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम परदेशात चालतो का, हेही त्याच मेलमध्ये विचारा. बहुधा चालत नाही, मग प्रवास विमा वेगळा घ्यावा लागतो.

कराची भीती अनेकांना वाटते. एखाद्या महिन्याच्या मुक्कामाने आपला भारतातला करदाता म्हणून दर्जा सहसा बदलत नाही. आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात असलात, तर तुम्ही इथले रहिवासीच. पण थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले, की तिथल्या कर कायद्याने तुम्ही तिथलेही रहिवासी ठरता. मोठ्या मुक्कामाचा बेत असेल तर आधी सीएला भेटा.

तिसरा प्रश्न रोजच्या कामाचा, आणि इथे घड्याळ फार महत्त्वाचं. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. इथली दहा ते सातची ड्युटी तिथे साडेअकरा ते साडेआठ होते. सकाळ मोकळी, चांगलंच आहे. पण ज्यांचे ग्राहक अमेरिकेत आहेत आणि ज्यांची ड्युटी इथे साडेसहाला सुरू होऊन पहाटे साडेतीनला संपते, त्यांची तिथे पहाटे पाचला संपेल. मग भटकंती कसली, नुसती झोप. अशांना दुबई सोयीची, ती दीड तास मागे आहे. पोर्तुगालचं स्वप्न असेल तर उन्हाळ्यात आपले सकाळचे दहा म्हणजे लिस्बनचे पहाटेचे साडेपाच, हे लक्षात ठेवा.

नंतर ओटीपी. भारतातलं सिम काढून ठेवलं की बँक बंद, बऱ्याचदा ऑफिसचं लॉगिनही बंद. म्हणून भारतीय नंबर रोमिंगवर चालू ठेवा आणि डेटासाठी तिथलं सिम किंवा ई-सिम घ्या. कार्डवर परदेशी व्यवहार आपणच सुरू करावे लागतात. दोन कार्डं न्या, पण एकाच पाकिटात ठेवू नका.

कागदपत्रांत आपल्याकडे एक खास घोळ होतो. लग्नानंतर नाव बदलतं, पासपोर्ट माहेरच्या नावाने असतो आणि तिकीट सासरच्या नावाने काढलं जातं. तिकिटावर पासपोर्टचंच नाव हवं. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा. थायलंडसाठी मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आणि मोफत. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही, एवढं ओळखा.

सामानात पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, आणि १०० पर्यंत सहसा अडचण येत नाही. आपली जाड तीन पिनांची वायर तिथे बसत नाही, म्हणून अडॅप्टर न्या. औषधांबरोबर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवी. दुबईला जाणाऱ्यांनी खसखस नेऊ नये, तिथे बंदी आहे. म्हणजे खसखस लावलेले अनारसेसुद्धा घरीच.

शेवटी रंगीत तालीम करा. निघण्याआधी एक आठवडा गावच्या घरून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, त्या देशाच्या वेळापत्रकाने काम करून बघा. काय अडतं ते तिथेच कळेल. आणि पोहोचायचं ते शुक्रवारी रात्री, म्हणजे इंटरनेट तपासायला दोन दिवस मिळतात. पासपोर्ट हरवलाच तर बँकॉकमधला आपला दूतावास परतीसाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, त्यासाठी पासपोर्टची प्रत मेलवर ठेवा.

थोडक्यात, क्रम असा: आधी परवानग्या, मग घड्याळ, मग तिकीट. काउंटरवरच्या अधिकाऱ्याला आणि आपल्या मॅनेजरला एकच खरं उत्तर देता आलं, की तयारी झाली म्हणायची. आता तुमचे प्रश्न घेऊ.