न लिहिलेलं वाचताना

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधला पोहण्याचा प्रसंग वर्गात घ्यावा. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारते आणि विहिरीवर पाठवते. ‘आई कशी आहे?’ असं विचारलं की मुलं पटकन म्हणतात, ‘रागीट.’ तिथे लगेच चूक दाखवू नये. पुढचा भाग वाचू द्यावा: पोरगा परत येतो आणि त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. आता विचारावं, मारणारीच का रडते? मुलं थबकतात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘तिला मारायचं नव्हतं, पण पोरगा भित्रा राहू नये असं वाटत होतं.’

हाच अनुमानाचा क्षण. लेखक भावना दाखवतो, तिचा अर्थ वाचकाने लावायचा असतो. मात्र प्रत्येक उत्तराला ‘कशावरून?’ हा प्रश्न हवाच. मुलाने पानावरचं वाक्य बोट ठेवून दाखवावं, नाहीतर ती नुसती कल्पना ठरते. दोन मुलांची उत्तरं वेगळी आली आणि दोघांकडेही पुरावा असला, तर दोन्ही फळ्यावर राहू द्यावीत. गाइडातलं तयार ‘स्वभावचित्र’ तेवढं त्या तासाला दप्तरातच असावं.