गोळी बांधणारा स्टार्च, गोळी फोडणारा स्टार्च
औषधाच्या आत : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण पावडर दाबून गोळी कशी होते ते पाहिलं. कारखान्यातून खोक्यांत आदळत-आपटत निघालेली ही गोळी दुकानात पोचेपर्यंत तिचा टवकाही उडता कामा नये, आणि पोटात गेल्यावर मात्र ती काही मिनिटांत फुटली पाहिजे. या दोन्ही विरुद्ध मागण्या अनेकदा एकच साधा पदार्थ पुरवतो : मक्याचा स्टार्च. औषधनिर्मितीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

सगळा फरक शिजवण्याचा आहे. पाण्यात कालवलेला स्टार्च तापवला की साधारण ६२ ते ७२ अंशांदरम्यान त्याचे दाणे भरपूर पाणी पितात, फुगतात, फुटतात आणि चिकट खळ तयार होते. सुती साडीला घालतात, तीच ही खळ. औषधाच्या पावडरीत ती मळली की कण एकमेकांना धरतात. मग ते मिश्रण चाळून, वाळवून त्याचे रवाळ ग्रॅन्युल करतात. त्यानंतर, मशीनवर जाण्याआधी, त्यांत पुन्हा स्टार्च मिसळतात. पण या खेपेला कोरडा आणि कच्चा. हा फोडण्यासाठी.

कच्चे दाणे फुगून गोळी फोडतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. शरीराच्या तापमानाला मक्याचा दाणा बेताचाच फुगतो. त्याचं मोठं काम पाणी आत ओढण्याचं. गोळीतल्या बारीक फटींतून पाणी दाण्यादाण्याने आत शिरतं आणि कणांमधले बंध सैल करतं. दाबाखाली चेपलेले दाणेही ओले झाल्यावर मूळ आकार घेऊ पाहतात. म्हणून काही ठिकाणी निम्मा कच्चा स्टार्च ग्रॅन्युलच्या आत घालतात, निम्मा बाहेर. बाहेरच्याने गोळीचे ग्रॅन्युल मोकळे होतात, आतल्याने ग्रॅन्युलची पावडर.

बटाट्याच्या स्टार्चवर रासायनिक प्रक्रिया करून केलेलं सोडियम स्टार्च ग्लायकोलेट मात्र खरोखरच प्रचंड फुगतं. साधा स्टार्च पाच ते पंधरा टक्के लागतो. हे दोन ते आठ टक्क्यांत भागतं. जास्त घातलं तर उलटाच परिणाम होऊ शकतो : गोळीभोवती बुळबुळीत थर धरतो आणि पाण्याची वाटच बंद होते.

फोडणाऱ्या स्टार्चला नडणारा घटकही त्याच गोळीत असतो. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात, बहुधा एक टक्क्याच्या आतबाहेर. ते मेणचट असतं. मिश्रण गरजेपेक्षा जास्त वेळ फिरवलं, तर कणाकणावर त्याचा पातळ थर बसतो आणि पाणी आत शिरायला कचरतं. घटक तेच, प्रमाण तेच, तरी गोळी उशिरा फुटते. माझ्या मते मिश्रण फिरवायची वेळ सूत्रातल्या घटकांइतकीच काटेकोर पाळायला हवी.

म्हणूनच चाचणी. सहा उघड्या काचनळ्या, प्रत्येकीच्या तळाशी दोन मिलिमीटरची जाळी, सदतीस अंशांचं पाणी आणि मिनिटाला सुमारे तीस वेळा खालीवर होणारी टोपली. गोळीच्या कडा आधी खरबरीत होतात, मग पांढरा गाळ जाळीतून झिरपू लागतो. लेप नसलेल्या साध्या गोळीला पंधरा मिनिटांची मुदत असते, पाण्यात विरवून घ्यायच्या डिस्पर्सिबल गोळीला तीन.

जाळीखाली उतरलेला हा गाळ म्हणजे विरघळलेलं औषध नव्हे. ते रक्तात जायचं तर आधी विरघळावं लागतं, आणि त्याची चाचणी वेगळी. ती पुढच्या लेखात.