फ्रीमेसनरी : श्रद्धेची अट आणि बदलाची वाट

पाथरवटांच्या गुण्या, कंपास व एप्रन या साधनांना नैतिक शिकवणीची प्रतीके मानणाऱ्या फ्रीमेसनरी या बंधुसंघटनेत परमेश्वरावरील श्रद्धा ही सभासदत्वाची मूळ अट असली, तरी तो परमेश्वर कोणत्या धर्माचा हे विचारले जात नाही, आणि भारतात बदलाला वाट मिळाली ती याच मोकळिकीतून. १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत एतद्देशीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज, म्हणजे स्थानिक शाखा, निघाले आणि माणेकजी कर्सेटजींसारख्या पारशी गृहस्थांना संघटनेत स्थान मिळाले. आज भारतीय लॉजमध्ये गीता, कुराण, अवेस्ता, बायबल शेजारी शेजारी उघडे असतात व उमेदवार आपापल्या धर्मग्रंथाच्या साक्षीने शपथ घेतो. विधीचा सांगाडा मात्र बदलत नाही.

इंग्लंडच्या ग्रँड लॉजने, म्हणजे मध्यवर्ती संस्थेने, १९८६ साली शपथेतील शारीरिक शिक्षांचे भयंकर उल्लेख वगळले, पण विधीच्या अन्य भागात ते राहू दिले. ही तडजोड थोडी कारकुनी वळणाची असली तरी तिने फूट पडू दिली नाही. याउलट फ्रान्सच्या ग्राँ ओरियां या मध्यवर्ती संस्थेने १८७७ साली श्रद्धेची अटच काढून टाकली, आणि इंग्लंडने तिच्याशी संबंध तोडले ते आजतागायत जुळलेले नाहीत.