आयसीच्या उशाशी माठ

नांदेड-लातूरकडे विहिरीवर, बोअरवर पंपाला ‘ऑटो’ जोडलेला असतो. वीज आली की पंप आपोआप चालू. रात्रीची खेप वाचते. पण एखादा ऑटो भलत्याच वेळी पंप चालू-बंद करतो. आपण म्हणतो, आयसी गेली. पुष्कळदा आयसी धडधाकट असते. खोट असते ती बोर्डाच्या मांडणीत. विहिरीत माणूस उतरलेला असेल, तर ही खोट जिवावर बेतते. म्हणून उतरण्यापूर्वी मेन स्विच खाली ओढावाच.

१९५८ साली जॅक किल्बी यांनी अमेरिकेत पहिली आयसी चालवून दाखविली. आजच्या आयसीच्या पोटात हजारो बारीक स्विच असतात. ते उघडमीट करतात त्या क्षणी आयसीला विजेचा एक घोट लागतो, तोही सेकंदाच्या काही अब्जांश भागात. बोर्डावरची तांब्याची वाट लांब नि बारीक असली, तर घोट वेळेवर पोचत नाही. दाब पडतो आणि आयसी भांबावते.

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पण तहान भागली ती घरातल्या माठाने, नाही का? आयसीचा माठ म्हणजे लहानसा सिरॅमिक कपॅसिटर. त्यावर बहुधा १०४ हा आकडा असतो, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरॅड. तो आयसीच्या वीज व ग्राउंड या दोन पायांना अगदी खेटून लावावा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावलेला माठ काय कामाचा! शिक्षकांनी जुन्या रेडिओचा सुटा बोर्ड वर्गात आणून मुलांना असे कपॅसिटर शोधायला लावावे, मुले रमतात.

आता परतीची वाट. रिलेचा मोठा प्रवाह आणि आयसीचा लहान प्रवाह एकाच अरुंद पाटातून परतू लागले, तर पाट तुंबतो आणि आयसीचा ‘शून्य’च वर चढतो. म्हणून ग्राउंडचे तांबे ऐसपैस ठेवावे, रिलेची परतवाट पुरवठ्यापर्यंत वेगळी न्यावी. रिलेच्या वेटोळ्यावर डायोड आडवा घालावा, पट्टीची बाजू धन टोकाकडे. तो नसेल तर रिले सुटताना उलटा झटका बसतो.

मेनच्या वाटा आयसीच्या वाटांपासून सात-आठ मिलिमीटर तरी दूर हव्यात. जागा असेल तर अधिक. शेतातल्या पेटीत मुंग्या शिरतात, पाल शिरते, पावसाळ्यात ओल धरते. तेव्हा डाग दिल्यावर बोर्ड स्वच्छ पुसून, पूर्ण वाळवून, मगच त्यावर वॉर्निशचा हात फिरवावा. स्क्रूची टोके मात्र कोरी ठेवावीत.