पडवीतून आलेली माणसं

क्रीडापत्रकार व्हायचं असं ठरवून क्रीडापत्रकार झालेला माणूस जुन्या पिढीत शोधूनही सहसा सापडत नाही. कुणी पोलिसात होतं, कुणी महापालिकेत, कुणी शाळेच्या नेटमध्ये पोरांना चेंडू टाकत होतं. मग एखादी जागा रिकामी झाली, कुणी आजारी पडलं, कुठे युद्ध पेटलं, आणि समोर जो असेल त्याला मॅचला धाडलं गेलं. वर्तमानपत्राच्या घरात राजकारण आणि अग्रलेख हे माजघर, खेळ पडवीत. पडवीत कुणीही येऊन टेकतो, त्याला कुणी कूळ विचारत नाही. खेळाला दुय्यम मानलं गेलं म्हणूनच ही माणसं आत येऊ शकली, असं मला वाटतं. आणि ती बाहेरून आली म्हणूनच त्या पानाला रंगत आली.

नेव्हिल कार्डसचं उदाहरण घ्या. मँचेस्टरमध्ये 1888 साली जन्म. बापाचा पत्ता नाही, आजी लोकांचे कपडे धुवून द्यायची. शाळा जेमतेम, बाकीचं शिक्षण सार्वजनिक ग्रंथालयात स्वतःच्या हिकमतीवर. विम्याच्या कचेरीत कारकुनी केली. 1912 मध्ये श्रूजबरीच्या शाळेत क्रिकेटचा सहायक प्रशिक्षक म्हणून लागला आणि पुढे तिथल्याच मुख्याध्यापकांचा चिटणीस झाला. 1917 मध्ये तो ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये शिरला तेव्हा त्याचं सगळं लक्ष संगीतसमीक्षेवर होतं. 1919 मध्ये तब्येत ढासळली. वृत्तसंपादक क्रोझियर यांनी सुचवलं की ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मोकळ्या हवेत बस आणि जमलं तर मॅचवर चार ओळी लिही. पहिल्या महायुद्धानंतरचा तो पहिला मोसम. काउंटीचे सामने त्या वर्षी दोन-दोन दिवसांचेच ठेवलेले होते, आणि चार वर्षं क्रिकेटला मुकलेले लोक मैदानाकडे वळत होते. दुखणाईत माणसाला हवापालट म्हणून दिलेलं ते काम क्रिकेटलेखनाला नवं वळण देऊन गेलं.

पुढच्या मोसमापासून कार्डस ‘क्रिकेटर’ या टोपणनावाने लिहू लागला. तोवरचं वार्तांकन म्हणजे कोण कितीवर बाद झालं याची जंत्री. त्याने फलंदाजाच्या शैलीकडे गायकीकडे पाहावं तसं पाहिलं, खेळाडूंना कादंबरीतल्या पात्रांसारखं उभं केलं. मैफलीला जाणारा कानच मैदानावर येऊन बसला होता. कार्डसच्या भक्तांना न रुचणारी एक गोष्टही सांगायला हवी. खेळाडूंच्या तोंडी त्याने घातलेली कित्येक वाक्यं त्याच्याच टाकसाळीतली होती. आजचा उपसंपादक ती खोडून टाकेल, आणि बरोबरच करेल.

सी. एल. आर. जेम्स याच कार्डसचं बोट धरून आत आला. त्रिनिदादचा हा कृष्णवर्णीय शिक्षक आणि लेखक 1932 मध्ये इंग्लंडला गेला, नेल्सन गावी क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइनकडे उतरला आणि त्याच्या पुस्तकाला हातभार लावू लागला. गोलंदाज सिडनी बार्न्सवर त्याने लिहिलेला लेख कार्डसच्या नजरेला पडला आणि त्याला ‘गार्डियन’साठी क्रिकेटचं काम मिळालं. जेम्सचं खरं काम राजकारणाचं होतं, वसाहतींच्या स्वातंत्र्याचं. पोट भरायला मात्र क्रिकेट उपयोगी पडलं. त्याच क्रिकेटमधून पुढे 1963 मध्ये ‘बियाँड अ बाउंड्री’ हे पुस्तक आलं.

जॉन आर्लटची कहाणी तर थेट आपल्या अंगणातून जाते. बेसिंगस्टोकचा हा मुलगा 1934 ते 1945 साउदॅम्प्टनच्या पोलिस दलात होता. गस्त घालायची आणि कविता लिहायची, असा दुहेरी संसार. कवितेमुळेच जॉन बेचमनसारख्यांची ओळख झाली आणि 1945 मध्ये बीबीसीच्या पूर्व विभागात साहित्यविषयक कार्यक्रमांचा निर्माता म्हणून जागा मिळाली. जॉर्ज ऑरवेल महायुद्धाच्या काळात नोकरीला होता, तोच हा विभाग. तिथून भारतासाठी कार्यक्रम जात. 1946 च्या उन्हाळ्यात थोरल्या पतौडींचा भारतीय संघ इंग्लंडला आला. भारतातल्या श्रोत्यांना सामने ऐकवायचे तर बोलणार कोण? आर्लटला क्रिकेटचं वेड आहे हे वरिष्ठांना ठाऊक होतं. वूस्टर आणि ऑक्सफर्डचे पहिले दोन सामने करून बघ, असं त्याला सांगण्यात आलं. भारतातून पसंतीची पोच आली आणि तो सगळा दौरा त्याच्याकडे राहिला. त्या दौऱ्यात विजय मर्चंट यांनी 2385 धावा काढल्या. हझारे, मंकड तेव्हा ऐन भरात होते. आर्लटचं क्रिकेटवरचं पहिलं पुस्तक, ‘इंडियन समर’, याच दौऱ्यावरचं. पुढे 1980 पर्यंत हॅम्पशायरच्या खर्जातला तो आवाज इंग्लिश क्रिकेटचा आवाज मानला गेला. त्या आवाजाला पहिली दाद भारतीय श्रोत्यांनी दिली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

पण पडवी सगळ्यांना खुली होती असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. बायकांना तिथेही उंबऱ्यावरच थांबवलं जाई. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम गावात मेरी गार्बर ही दैनिकाच्या समाजवार्तेच्या पानावर काम करत होती. लग्नं, मेजवान्या, कोणी काय नेसलं, असं ते पान. 1944 मध्ये क्रीडापान सांभाळणारा पोरगा नौदलात गेला आणि ते पान तिच्या गळ्यात पडलं. पुरुष युद्धावर गेले नसते तर ही संधी तिला मिळालीच नसती. लढाई संपल्यावर तिला पुन्हा साध्या बातम्यांकडे वळवलं, पण 1946 मध्ये ती परतली आणि मग हटली नाही. पत्रकार कक्षात बायकांना मज्जाव असे, खेळाडूंच्या खोलीचा तर प्रश्नच नव्हता. ती दाराबाहेर उभी राहून प्रशिक्षकांना गाठायची. वर्णभेदाच्या त्या काळात गोऱ्या वर्तमानपत्रांच्या खिजगणतीतही नसलेल्या कृष्णवर्णीय शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांना ती नेमाने गेली. ज्याला स्वतःला बाहेर ठेवलं जातं, त्याला बाहेरचे लवकर दिसतात. 2008 मध्ये ती वारली.

आपल्याकडे सी. के. नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू समालोचन करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पेशाने त्या इंग्रजीच्या प्राध्यापक. मुंबईत शारदा उग्रा 1989 मध्ये ‘मिड-डे’त क्रीडावार्ताहर म्हणून लागल्या. मधल्या काळात फार नावं घेता येत नाहीत, यातच सगळं आलं.

मराठीपुरतं बोलायचं तर गोष्ट वि. वि. करमरकरांपाशी येऊन थांबते. ‘महाराष्ट्र टाइम्स’ 1962 च्या जूनमध्ये सुरू झाला. मराठी दैनिकांत तोवर खेळाला उरलीसुरली जागा मिळे. या नव्या दैनिकात मूळचे नाशिकचे असलेल्या करमरकरांनी खेळाला रोजचं हक्काचं पान मिळवून दिलं आणि कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना क्रिकेटच्या पंगतीला बसवलं. यामागे हिशेब होता. लालबाग-परळच्या गिरण्यांत आणि मंडळांत कबड्डी अंगात भिनलेली. ती खेळणारा आणि बघणारा माणूस मराठी वर्तमानपत्र वाचत होता. इंग्रजी दैनिकाला तो दिसत नव्हता, करमरकरांना दिसला. क्रीडा संघटनांच्या कारभाऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. तिकडे आकाशवाणीवर महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले बाळ ज. पंडित मराठीतून समालोचन करत होते, त्यामुळे इंग्रजी न कळणाऱ्या घरांतही कसोटी सामना पोचला. करमरकर 2023 च्या मार्चमध्ये गेले.

द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत स्थापत्य अभियंता होते. 1983 च्या विश्वविजयानंतर मित्रांना घेऊन त्यांनी ‘एकच षटकार’ हे पाक्षिक काढलं. संपादक म्हणून नाव होतं संदीप पाटील यांचं. सिनेमाची गाणी, प्रवास, शिवाजी पार्कचा कट्टा, सगळं त्यांच्या क्रिकेटलेखनात येऊन मिसळलं. काटेकोर वाचकाला ते कधीकधी फार गोड वाटे, मलाही वाटलं आहे, पण नोकरी सांभाळून इतकी वर्षं इतकं लिहिणं सोपं नव्हे.

हर्षा भोगले हैदराबादच्या मराठी घरातले, उस्मानियाचे रसायन अभियंते, मग अहमदाबादच्या आयआयएममधून जाहिरातीच्या धंद्यात. आकाशवाणी हैदराबादवर एकोणिसाव्या वर्षी बोलायला लागलेला हा तरुण 1991-92 च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओवर जाऊन पोचला. कसोटी न खेळलेल्या माणसाने समालोचन कक्षात टिकून राहण्याचं हे बहुधा शेवटचं मोठं उदाहरण.

कारण आता पडवीच माजघर झाली आहे. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच मोसमांच्या प्रक्षेपणहक्कांना 48,390 कोटी रुपये मिळाले. एवढा पैसा आल्यावर कुठल्याही पोलिसाला कुणी मायक्रोफोनपुढे बसवून बघत नाही. समालोचनाला माजी कसोटीपटू लागतो आणि खेळाडूशी बोलायचं तर आधी त्याच्या व्यवस्थापकाला गाठावं लागतं. योगायोगाने शिरायची सोय राहिली आहे ती तालुक्याच्या गावी. आंतरशालेय खो-खोचे निकाल मोबाइलवर टंकून पाठवणारा वार्ताहर कुठे शिक्षक असतो, कुठे दुकानदार. मानधन नाममात्र. जाहिराती जास्त आल्या की सर्वांत आधी त्याचीच बातमी गळते, आणि छापून आलीच तर वर ‘क्रीडा प्रतिनिधी’ एवढंच असतं.