करवंदीची जाळी : एकोणिसाव्या शतकातील मावळचा रानमेवा



वैशाखात खडकवासल्यावरून पानशेतकडे निघाले की रस्त्याच्या कडेला पाटीत काळीभोर करवंदे घेऊन बसलेल्या बायका भेटतात. 'डोंगराची काळी मैना' म्हणून ओळखले जाणारे हे फळ कोणी लावलेले नसते, त्याला खत-पाणी दिलेले नसते. म्हणून पिकांच्या यादीत त्याला स्थान नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातील मावळी कुटुंबाच्या वर्षाच्या हिशेबात मात्र करवंदीला जागा होती. ती कशी होती आणि पुढे का कमी झाली, हे समजून घेतल्यास आपल्या बांधावरच्या आणि माळावरच्या जाळीचे मोल लक्षात येईल.

अडचणीच्या दिवसांतील फळ

भोर-वेल्ह्याचा डोंगराळ भाग म्हणजे खाचरात भात आणि उतारावरच्या वरकस जमिनीवर नाचणी-वरई. पीक हाती येते दिवाळीच्या आगेमागे. त्यामुळे चैत्र ते ज्येष्ठ हे महिने कणगीचा तळ दिसण्याचे. नेमकी याच वेळी करवंद तयार होते. माघ-फाल्गुनात पांढरी, सुवासिक फुले येतात, चैत्रात हिरवी फळे धरतात, वैशाखात ती पिकून काळी होतात आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर हंगाम संपतो.

हिरव्या फळांचे लोणचे व चटणी होते. कोरडी भाकरी घशाखाली उतरण्यास आंबट तोंडीलावणे लागतेच. पिकलेली फळे मुले जाळीपाशीच खातात आणि उरलेली बाजारात जातात. काटेरी फांद्यांचे कुंपण गुरांना अडवते. जॉर्ज वॉट यांच्या भारतातील आर्थिक उपयोगाच्या वस्तूंविषयीच्या इंग्रजी कोशाचे खंड १८८९ पासून प्रसिद्ध झाले. त्यातही करवंदाची नोंद लोणच्याचे व जेलीचे फळ आणि कुंपणाचे झुडूप अशीच आहे. कच्च्या फळात आंबटपणा व पेक्टिन भरपूर असल्याने जेली चांगली जमते. हे गोऱ्या साहेबांच्या स्वयंपाकघरालाही ठाऊक होते.

त्याच काळात इंग्लंडच्या खेड्यांतील गोरगरीब मुले कुंपणावरची काटेरी ब्लॅकबेरी तोडीत. ती इतकी फुकट व विपुल मिळे की एखादी वस्तू मुबलक आहे हे सांगताना ब्लॅकबेरीचा दाखला देत. ज्या फळाला मालक नाही ते गरिबाचे, ही रीत दोन्हीकडे सारखीच होती.

भाषेत रुजलेली करवंद

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये व दुसरी १८५७ मध्ये निघाली. त्यात 'करवंद' म्हणजे फळ आणि 'करवंदी' म्हणजे झुडूप असे दोन वेगळे शब्द सापडतात. ते करवंद, ती करवंदी. ते बोर, ती बोरी. ते जांभूळ, ती जांभळी, अशीच ही जोडी आहे. ज्या झाडाकडे माणसाचे वर्षभर लक्ष असते, त्याच्या फळाला आणि झाडाला भाषा वेगवेगळी नावे देते. धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ तर करवंद नावाचे गावच आहे.

समूहासाठीही भाषेने खास शब्द राखून ठेवला. आंब्यांची राई, बांबूंचे बेट, केतकीचे बन, तशी करवंदांची जाळी. हा शब्द आजही शाळेच्या व्याकरणात मुले पाठ करतात. फांद्या एकमेकींत गुंतून आत शिरायला वाट राहत नाही, हा झुडपाचा गुणच त्या एका शब्दात आला आहे.

'कोंबडा की कोंबडी?' हा खेळ तर प्रत्येकाने खेळलेला असेल. करवंद फोडायचे, आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. काळ्याभोर टपोऱ्या डोळ्यांनाही करवंदाचीच उपमा दिली जाते.

रानावर कुंपण

पुढे शासनाने रानाची मोजदाद सुरू केली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे वनसंरक्षकाचे काम आले. डाल्झेल व गिब्सन यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये निघाला. झाडांची माहिती जमा झाली, पण १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित जंगले ठरवून गावकऱ्यांच्या वहिवाटीवर मर्यादा आणल्या.

याचा परिणाम महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मधील पुस्तकात मांडला आहे. थोडी जमीन असलेला शेतकरी पूर्वी शेतीवर भागले नाही तर रानातली फळे खाऊन आणि झाडांची पाने-फुले विकून दिवस काढी. वन खात्याने तो आधार काढून घेतला, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे रानमेवा हा त्यांच्या दृष्टीने पोराबाळांचा खाऊ नव्हता, तो शेतीच्या जमाखर्चाचा भाग होता.

आंबी नदीवरील पानशेत धरणामुळे विसाव्या शतकात खोऱ्यातील सखल भातजमीन पाण्याखाली गेली. राहिले ते उतार, आणि करवंदी उतारावरच वाढते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना व इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला. परंतु जाळीच उरली नाही तर हक्क कशावर सांगणार? उन्हाळ्यातील वणवे आणि यंत्राने होणारे सपाटीकरण यांत जुन्या जाळ्या मुळासकट जातात.

आपण काय करावे?

१) बांधावरची व माळावरची जुनी जाळी तोडू नका. तिची मुळे उतारावरील माती धरून ठेवतात.

२) नवीन कुंपणासाठी पूर्ण पिकलेल्या फळांतील बी काढून, धुऊन लगेच पेरा. साठवलेल्या बियांची उगवणशक्ती लवकर कमी होते. वर्षभराची रोपे पुढील पावसाळ्याच्या सुरुवातीस सुमारे ६० सें.मी. अंतरावर लावा.

३) फळांसाठी लागवड करायची असल्यास दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण बोल्ड' या मोठ्या फळांच्या जातीची चौकशी करा.

४) लोणच्यासाठी हिरवी, कडक फळे तोडा. देठातून पांढरा चीक येतो, म्हणून फळे पाण्यात धुऊन मगच वापरा.

५) पिकलेले फळ फार टिकत नाही. त्याच दिवशी विका, किंवा सरबत व जॅम करा.

करवंदीने आपल्याकडे पाणी मागितले नाही, खत मागितले नाही. फक्त जागा मागितली. तेवढी बांधावर ठेवली, तर वैशाखात मुलांना कोंबडा-कोंबडी खेळता येईल आणि खरिपाच्या तोंडावर घरात चार पैसेही येतील.