एका टाक्याची भूमिती

जबलपूरच्या हिवाळ्यात दिवस आणि रात्र यांत मोठी तफावत असते. डिसेंबर-जानेवारीत दुपारचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि पहाटे ते १० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरते, त्यामुळे सकाळी अंगात घालून दुपारी सहज काढून ठेवता येणारा बिनबाह्यांचा स्वेटर तेथे फार उपयोगी पडतो. १८१७ पर्यंतची नागपूरकर भोसल्यांची राजवट, १८७० मध्ये याच शहरात जोडला गेलेला मुंबई-कलकत्ता लोहमार्ग आणि १९०४ मध्ये उभा राहिलेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या काळात तेथे स्थिरावत गेलेल्या मराठी कुटुंबांना कोकणात फारशी न लागणारी ही वस्तू गरजेची झाली. असा स्वेटर भौमितिक तुकडे जोडून घरच्या घरी करता येतो, आणि त्यासाठी विणकामातला केवळ एक टाका यावा लागतो.

हा टाका म्हणजे सुलट. दोन सुयांवर विणताना एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट घातली, तर समोरची बाजू गुळगुळीत होते, पण तिच्या कडा वळतात. प्रत्येक ओळ सुलटच विणली, तर दोन्ही बाजूंना सारखेच आडवे कंगोरे उठतात. या विणीला गार्टर वीण म्हणतात. तिच्यात दोन्ही बाजूंचा ताण समतोल असल्यामुळे कापड सपाट राहते आणि कंगोऱ्यांमध्ये हवा अडकून ऊबही चांगली मिळते. मात्र ओळी एकमेकींजवळ दबून बसत असल्याने तेवढ्याच लांबीला लोकर अधिक लागते आणि कापड जाड होते.

या विणीचा खरा मोलाचा गुण तिच्या प्रमाणात आहे. दोन ओळींचा एक कंगोरा होतो, आणि त्या कंगोऱ्याची उंची साधारणपणे एका टाक्याच्या रुंदीइतकी भरते. म्हणून जितके टाके तितके कंगोरे विणले की तुकडा आपोआप चौरस होतो. सुईवर एकच टाका घेऊन प्रत्येक ओळीच्या आरंभी एक टाका वाढवत गेल्यास दर कंगोऱ्यामागे दोन्ही कडांना एकेक टाका वाढतो, दोन्ही कडा ४५ अंशांनी कलतात आणि टोकाशी अचूक काटकोन तयार होतो. एक ओळ सुलट व एक उलट अशा विणीत ओळीची उंची आणि टाक्याची रुंदी यांचा असा सोपा मेळ बसत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया वुड्स बेलामी यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘नंबर निटिंग’ या पुस्तकात चौरस व त्रिकोण यांतून कपडे रचण्याची पद्धत मांडली, तिचा आधार हेच प्रमाण होते.

प्रत्यक्ष आखणी चौकटींच्या कागदावर करावी. ३६ इंच छातीच्या व्यक्तीसाठी घेर ४० इंच धरला, तर पुढचा व मागचा भाग प्रत्येकी २० इंच रुंद होतो, आणि उंचीही तेवढीच धरल्यास पाच-पाच इंचांचे सोळा चौरस प्रत्येक भागात नेमके बसतात. मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या, सुया घेतल्यास बहुतेकांच्या हाती इंचाला सुमारे पाच टाके येतात. प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असल्याने आधी लहानसा मासला विणून हे मोजणे आवश्यक असते. या मापाने एका चौरसाला २५ टाके आणि २५ कंगोरे, म्हणजे ५० ओळी, लागतात.

तोच चौरस कोपऱ्यापासून तिरका विणायचा असल्यास पायथागोरसचा सिद्धांत उपयोगी पडतो, कारण पाच इंच बाजूच्या चौरसाचा कर्ण सुमारे ७.०७ इंच असतो; म्हणून सुईवर ३५ टाके होईपर्यंत वाढवावे आणि तेथून दर ओळीला एक याप्रमाणे कमी करावे. वाढवणे संपताच टाके बंद केले, तर काटकोन त्रिकोण मिळतो. पुढच्या भागाच्या सर्वांत वरच्या रांगेतील मधल्या दोन चौरसांच्या जागी असे दोन त्रिकोण बसवल्यास इंग्रजी व्ही अक्षरासारखा गळा तयार होतो, आणि गळ्याला इंचभर पट्टी घातली की तो योग्य मापाचा होतो. खाली याच विणीची तीन इंचांची पट्टी विणावी, आणि दोन्ही बाजूंची शिवण घालताना मुंढ्यासाठी वरचे नऊ इंच मोकळे सोडावेत.

तुकडे आडवे-उभे आलटूनपालटून लावले, तर कंगोऱ्यांच्या दिशेतूनच नक्षी उमटते. ही वीण उंचीच्या दिशेने अधिक ताणली जात असल्याने ज्या तुकड्यांचे कंगोरे उभे राहतात, ते स्वेटरला खाली ओघळू देत नाहीत. जोडण्यापूर्वी शुद्ध लोकरीचे तुकडे ओलवून, सपाट पंचावर मापाने टाचण्या लावून वाळवावेत. ॲक्रिलिक धाग्यावर गरम इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने तो कायमचा लुळा पडतो.

या पद्धतीने घरातली उरलीसुरली लोकर कामी येते, विरलेला तुकडा तेवढाच उसवून नवा बसवता येतो आणि मूल वाढले की चौरसांची एखादी रांग वाढवून स्वेटर आणखी वापरता येतो. चौकटींचा आराखडा मराठी घरातून शेजारच्या हिंदी घरात गेला, तरी त्याला भाषांतराची गरज पडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे छापील नमुन्यातील ओळी मुकाट्याने मोजत बसण्याऐवजी माप, कोन आणि रचना यांचा निर्णय विणणारी व्यक्ती स्वतः घेते. म्हणूनच विणकाम नव्याने शिकणाऱ्यांनी सोप्या विणीला कमी लेखू नये, कारण याच एका टाक्यावर आणि शाळेतल्या भूमितीवर पूर्ण वस्त्राची रचना त्यांना स्वतः करता येते.